पहिलं पान, शेवटचं पान

जुनी हस्तलिखितं वाचायला मी शिकलो ते रागापोटी. वर्गाच्या पहिल्या दिवशी बाकीच्यांनी आवड, वारसा, संस्कृती असे शब्द वापरले. खारघरमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी आम्ही बारा-तेरा जण जमायचो. बहुतेक सगळे निवृत्त, आणि प्रत्येकाच्या मूळ घरी माळ्यावर एखादी पोथी होतीच. माझी पाळी आली तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी अगदी प्रेमानं विचारलं, "तुमच्याकडे कुठली पोथी आहे?"

"आमच्या आजोबांना पोथी सुरू झाली की देवळाच्या ओट्यापासून लांब उभं करायचे," मी म्हणालो.

त्यांनी नजर वहीत घातली. मला बरं वाटलं. आम्ही मराठवाड्यातले बौद्ध. वडील तुर्भ्याला एका कारखान्यात लागले आणि आम्ही इकडचे झालो. मी महाप्याला एका कंपनीत संगणकावर बसतो. जे अक्षर माझ्या माणसांना लांबूनच ऐकावं लागलं ते हातात धरून वाचायचं, आणि या मंडळींपेक्षा चांगलं वाचून दाखवायचं, एवढाच माझा हेतू होता. अभ्यासाला यापेक्षा वाईट कारणंही असतात, पण हेही काही फार चांगलं नव्हतं.

शिकवणाऱ्या बाई सत्तरी ओलांडलेल्या होत्या. आयुष्यभर पोथ्यांमध्ये काम केलेलं, आवाज बारीक, आणि कुणाचीही भीड न ठेवण्याची सवय. जुन्या पोथीत दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ओळ डावीकडून सुरू होते ती उजवीकडे समासाला जाऊन आदळेपर्यंत सलग. त्यामुळे नवा माणूस चार अक्षरं ओळखतो आणि पाचवं अंदाजानं ठोकतो. मी तेच करायचो. बाई टेबलावर पेन्सिल आपटायच्या. "तुम्हाला काय यायला हवंय ते सांगू नका. काय दिसतंय ते सांगा."

चूक झाली की लिहिणारे त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देत आणि वरून पुन्हा लिहीत, हे मला त्या वर्गात कळलं. 'हरताळ फासला' असं आपण सहज म्हणतो, पण तो खराखुरा हरताळ मी चाळिशीत पहिल्यांदा पाहिला. पोथीचं पान पुस्तकासारखं उलटायचं नसतं, खालून वर न्यायचं असतं, हेही तिथंच शिकलो. पानाचा आकडा मागच्या बाजूला, समासात असतो. पाच-सहा महिन्यांत मी वर्गातला सगळ्यात पुढचा विद्यार्थी झालो. शेजारचे गृहस्थ अडलं की माझ्याकडे पान सरकवायचे. ते मला फार आवडायचं, आणि मी मुद्दाम थोडा वेळ लावून उत्तर द्यायचो.

बाईंची एक पद्धत होती. पोथीचा गठ्ठा हातात आला की आधी पहिलं पान बघायचं, मग शेवटचं. पहिल्या पानावरून ग्रंथ कळतो. शेवटच्या पानावर, मजकूर संपला की, लिहिणारा आपलं नाव, गाव, तिथी टाकतो. मग समासातले आकडे लावून मधली पानं मोजायची. पहिल्या दोन गोष्टींत मजा होती. आकडे लावणं हे कारकुनी काम होतं. ते मी वहीत लिहून घेतलं आणि सोडून दिलं.

आमच्या ऑफिसच्या बसचा ड्रायव्हर मला बरेच दिवस बघत होता. बसमध्ये मी फोनवर पोथ्यांचे फोटो मोठे करून वाचत बसायचो. एकदा उतरताना त्यानं थांबवलं. "सर, ते जुनं वाचता ना तुमी? आमच्या घरी एक आहे. बाबा वेड लावतात तिच्यापायी. एकदा येऊन सांगून टाका काय ते."

तो इथल्याच जुन्या गावातला, आगरी. शहर वसायच्या आधीपासून त्यांची घरं आहेत. आता त्यांचं घर पाडून इमारत उभी राहायची होती आणि महिन्याभरात खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. मी एका शनिवारी गेलो. बाहेरच्या खोलीत सामान बांधून ठेवलेलं. कॉटवर म्हातारा बसला होता. पायांना सूज, अंगात बनियन, आणि मांडीवर लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा. आयुष्यभर मिठागरात काम केलेला माणूस. तळपाय फुटून पार लाकडासारखे झाले होते.

"मना वाचता येत नाय," तो म्हणाला. "अंगठ्याचा मानूस हाय मी. पन ही आमच्या मानसानं लिवलीय. आमच्या घरान लिहिनारा झाला. आज्यानं सांगितलेलं, त्याला त्याच्या आज्यानं."

मग त्यानं जे सांगितलं ते मी इथं थोडक्यात सांगतो. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या तेव्हा कागदावर अंगठा उठवायला गावातली माणसं रांगेत उभी होती. शाईचा पॅड पुढे करताना कचेरीतला माणूस काहीतरी बोलला, म्हणजे यांना अंगठ्यापलीकडे काय येतं अशा अर्थाचं. हा तेव्हा तरुण होता. तो म्हणाला, आमच्या घरात पोथी लिहिलेली आहे. त्यावर ती सगळी खोली हसली. रांगेतले गाववालेही हसले. तेव्हापासून त्याला एकच गोष्ट पाहिजे होती. कुणीतरी वाचता येणाऱ्यानं ती पोथी उघडावी आणि कुणी लिहिली ते सांगावं.

"तू वाच आनि सांग, कोनी लिवलीय," तो म्हणाला आणि गठ्ठा माझ्याकडे दिला.

मी गाठ सोडली. आत कसरीचा भुगा, कडुनिंबाच्या वाळक्या काड्या, आणि सुटी पानं. बरीचशी कडेनं खाल्लेली. मी पहिलं पान घेतलं. सुंदर, टपोरं, सारख्या अंतराचं अक्षर. रामकथा होती, ओव्यांमध्ये. शेवटचं पान घेतलं. तेच अक्षर. खाली लिहिणाऱ्याचं नाव, वडिलांचं नाव, घाटावरच्या एका गावाचं नाव. जोशीपण करणारं घराणं. मी ते दोनदा वाचलं, एकही अक्षर अडलं नाही, आणि मला स्वतःचा अभिमान वाटला.

मी पानं चाळत होतो तेव्हा म्हातारा मध्येच म्हणाला होता, "एकदा घरान पानी शिरलेला. तवा बायांनी ही सगली पानं वालत घातलेली." मी "हो का" म्हणालो. त्याचा अर्थ काय होतो हे वर्गातल्या कुठल्याही नवख्याला कळलं असतं. सुटी पानं एकदा वाळत घातली की ती पुन्हा कुठल्या क्रमानं बांधली जातील याचा भरवसा नसतो. म्हाताऱ्यानं सगळं माझ्या हातात दिलं होतं. मी ऐकत नव्हतो, कारण मला उत्तर मिळालेलं होतं.

बाईंचा नियम म्हणून सगळ्या पानांचे दोन्ही बाजूंनी फोटो मात्र काढले. म्हाताऱ्याची सून एका हातानं स्टीलची पट्टी ठेवून पान सपाट धरत होती, मी भराभर काढत होतो. मग सांगितलं. समजावून, हळू आवाजात, डॉक्टर सांगतात तसं. "बाबा, ही घाटावर लिहिलेली आहे. लिहिणारा जोशी होता. चांगली पोथी आहे, पण अशा पुष्कळ सापडतात."

"आमच्या मानसाचं नाव नाय?"

"नाही."

म्हाताऱ्यानं लाल फडकं पानांवर ओढून घेतलं. "म्हंजी आजा खोटं बोलला."

"तसं नाही, बाबा. त्यांनाही कुणीतरी तसं सांगितलं असेल," मी म्हणालो. हे वाक्य मला अजून शब्दन् शब्द आठवतं.

आता भाड्याच्या दोन खोल्यांत चौथ्या मजल्यावर जायचं, त्यात कसर लागलेला गठ्ठा. मुलगा, म्हणजे आमचा ड्रायव्हर, म्हणाला, "बाबा, ठेवायचं का?" म्हाताऱ्यानंच ठरवलं. दुसऱ्याची पोथी, जीर्ण झालेली, घरात कशाला ठेवायची. ती जाळायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. पाण्यात सोडायची, रीतसर. मला थांबवता आलं असतं. मी बाईंना फोन करून विचारू शकलो असतो. पण अशा पुष्कळ सापडतात असं मीच म्हणालो होतो, आणि त्या घरातलं कुणीतरी माझ्या शब्दावर चालतंय याचं मला आतून सुख होत होतं.

पुढच्या रविवारी वर्ग बुडवून मी त्यांच्यासोबत गेलो. गावामागे खाडीवर जुना धक्का आहे, निम्मा चिखलात रुतलेला. भरती होती. सुनेनं ताटात झेंडूची फुलं, हळद-कुंकू आणलं होतं. म्हातारा आला नाही. मुलानं गठ्ठा सोडला, अर्धी पानं स्वतः घेतली, अर्धी मला दिली. "सर, तुमचा पण हात लागू दे." मी ती माझ्या हातांनी सोडली. पानं आधी पसरून तरंगली, मग एकेक काळी पडत गेली. मुलानं नमस्कार केला म्हणून मीही केला.

त्यानंतर बसमध्ये तो एकदा म्हणाला, "बाबा आता पोथीचं नाव काढत नाहीत. सुटलो." मी मान हलवली.

चार महिन्यांनी अभ्यासक्रम संपत आला. बाईंनी सांगितलं, प्रत्येकानं एखाद्या पोथीची दहा पानं आजच्या अक्षरात उतरवून आणायची. मला नवीन पोथी शोधायचा कंटाळा आला. फोनमधले फोटो उघडले. पहिली दोन-तीन पानं नकोत, ती सोपी होती. म्हणून मधूनच एक उघडलं.

अक्षर वेगळं होतं. गोल, जाड, दाबून लिहिलेलं, ओळ उजवीकडे खाली उतरत गेलेली. ठिकठिकाणी हरताळ. मी पुढचं पान उघडलं, मागचं उघडलं. मग पहिल्यांदा समासातले आकडे बघितले. सात दोनदा होता. बारा दोनदा होता. एका फडक्यात दोन पोथ्या होत्या, एकाच कथेच्या, एकमेकींत मिसळलेल्या.

मग मी ते पान शोधलं. दुसऱ्या पोथीचं शेवटचं पान गठ्ठ्याच्या मध्यावर होतं. त्या दुपारी मी बाईंनी शिकवलं तसं वाचलं, अंदाज न करता, एकेक अक्षर कागदावर उतरवत. गावाचं नाव आलं. ते म्हाताऱ्याचंच गाव होतं. घराण्याचं नाव आलं. तेही त्याचंच. पुढे 'मीठ' अशी अक्षरं आली तेव्हा माझा विश्वास बसेना, मी तीन वेळा खोडून पुन्हा लिहिली. लिहिणारा आपली ओळख मीठ पिकवणारा म्हणून देत होता. पावसाचे चार महिने मिठागरं पाण्याखाली असतात, हात रिकामे असतात, म्हणून एकाकडून पोथी मागून आणून ती उतरवली, असं त्यानं लिहिलं होतं. हवेत ओल असल्यामुळे शाई फुटली, ते वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं, अशी विनंती होती. त्या सुंदर अक्षरातली घाटावरची पोथी बहुधा हीच मागून आणलेली असावी.

मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आळस केला, आकडे लावले नाहीत, हे खरंच. पण तेवढंच नव्हतं. मिठागरातला माणूस कशाला पोथी लिहील, हे मी गाठ सोडायच्या आधीच ठरवलेलं होतं. कचेरीतल्या त्या खोलीत मी असतो तर मीही हसलो असतो. माझ्या आजोबांना लांब उभं करणाऱ्यांचा राग घेऊन मी हे शिकायला आलो होतो, आणि शिकून पहिलं काम काय केलं, तर दुसऱ्या कुणाच्या आजोबांना लांब उभं केलं. जोशाचं नाव दिसल्याबरोबर मी निवांत झालो होतो.

बाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "फोटो स्वच्छ आहेत ना?" त्यांनी विचारलं. "मग पूर्ण उतरवून काढा. हे फार दुर्मीळ आहे. आपण छापू."

"आणि घरच्यांना?"

"पोथी परत येणार आहे का? नाही ना. मग सांगून तुमचं मन हलकं होईल. त्यांचं काय होणार?"

मला त्या कोरड्या वाटल्या. मी त्यांचं ऐकलं नाही. म्हाताऱ्याचा आजा खरं बोलला होता, आणि हे त्याला न सांगणं म्हणजे दुसऱ्यांदा चोरी, असं मी स्वतःला समजावलं. आता वाटतं, बाईंनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. मला मन हलकं करायचं होतंच.

भाड्याच्या खोलीत म्हातारा खिडकीपाशी कॉटवर होता. खूप वाळला होता. टीव्ही चालू होता. मी शेजारी बसलो आणि सांगितलं. मी चुकलो, मधली पानं वाचली नव्हती, तुमच्याच माणसानं लिहिली होती. त्यानं मुलाला टीव्ही बंद करायला लावला. "वाच," म्हणाला. मी फोनवरून वाचलं. 'मीठ' आल्यावर त्यानं हात वर केला, मी थांबलो, त्यानं पुन्हा वाचायला लावलं. असं चार-पाच वेळा झालं. सून दारात उभी राहून डोळे पुसत होती. मला वाटलं, झालं, काहीतरी जागेवर आलं.

"मोठा करून छापून आणतो, बाबा," मी म्हणालो. "फ्रेम करू."

"फोटू नको," तो म्हणाला. "कागुद पायजे. ती कुठं हाय?"

मुलानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "बाबा, ती आपण खाडीत सोडली."

"त्ये मना ठावं हाय. कुठल्या अंगाला? धक्क्याच्या कुठल्या अंगाला?"

त्या दिवसापासून त्यानं जेवण कमी केलं. चिखलात वस्तू टिकते, मिठाच्या पाण्यात लाकूड सडत नाही, हे त्याचं म्हणणं होतं. रोज सकाळी तो मुलाला ओहोटीची वेळ विचारायचा. मुलगा सांगायचा नाही, तर तो तिथीवरून बोटांवर काढायचा आणि ती बरोबर असायची. आठवड्याभरानं मुलगा बसमध्ये माझ्याशी बोलेनासा झाला. मग एके दिवशी सगळे उतरल्यावर त्यानं दार लावून घेतलं. "सर, बाबा गप होते. रडत नव्हते, काय नव्हतं. तुमी कशाला आलात परत? आता रात्रंदिवस एकच. परवा जिन्यात पडले. खाली निघाले होते."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "माफी नको. रविवारी सकाळी ओहोटी आहे. मी घेऊन येतो त्यांना. तुमी या, आणि काय ते दाखवा. मी नाय उतरणार चिखलात."

मी गेलो. दोघा शेजाऱ्यांनी म्हाताऱ्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खुर्चीसकट धक्क्यावर आणलं होतं. अंगावर शाल, डोक्याला रुमाल. पाणी दूर गेलं होतं आणि सगळीकडे करडा चिखल उघडा पडला होता, त्यात पिशव्या, नारळ, मूर्तींचे तुकडे. त्याच्यासमोर उभं राहून मी सांगायला सुरुवात केली, की हातानं बनवलेला कागद पाण्यात दोन दिवसही राहत नाही, त्याचा लगदा होतो. तो ऐकत नव्हता. तो चिखलाकडे बघत होता आणि भरतीचं पाणी तिथून कसं फिरतं ते बोटानं हवेत काढत होता. मी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरलो.

पहिल्याच पावलाला पाय पोटरीपर्यंत गेला. मी वाकून हात घातला. प्लास्टिक लागलं, चिंधी लागली, शिंपले लागले. मागून त्याचा आवाज आला, "गावली काय?"

"नाही, बाबा."

मी आणखी थोडा पुढे गेलो. कोपरापर्यंत हात चिखलात. तिथं काही नाही हे मला पक्कं माहीत होतं. आयुष्यभर या खाडीत वावरलेल्या माणसाला ते माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्याला खरंच आशा होती, की मला तिथं वाकलेला बघायचं होतं, हे मी त्याला कधी विचारलं नाही आणि पुढे विचारायला तो राहिला नाही. मी कंबर सरळ केली, वळून बघितलं. मुलगा तोंड फिरवून उभा होता. म्हातारा खुर्चीतून पुढे झुकला होता आणि हातानं दाखवत होता, डावीकडे, आणखी आत.

"तिकरं," तो म्हणाला. "तू सोडलीस ती तिकरं गेली असंल."

मी डावीकडे वळलो आणि पुन्हा वाकलो.